दोनशे कमांड पाठ करू का?

ताई, नमस्कार.

मी २४ वर्षांचा आहे. अप्पा बळवंत चौकाजवळ शालेय पुस्तकांच्या एका वितरकाकडे कामाला आहे. शिक्षण बी.कॉम. आधी सर्व्हर सांभाळणारा दादा बंगळुरूला गेला आणि मला संगणकाची आवड आहे म्हणून मालकांनी ते काम माझ्याकडे दिलं. मशीनवर उबुंटू लिनक्स आहे, नुसता काळा पडदा, माउस नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना बिलिंग बंद पडलं. डिस्क भरली होती. मी सगळ्यात मोठी लॉग फाइल (प्रोग्राम स्वतःच्या नोंदी लिहितो ती) डिलिट केली, तरी जरासुद्धा जागा मोकळी झाली नाही. शेवटी मशीन बंद करून चालू केलं आणि सगळं सुरळीत झालं. का झालं, ते मला आजही माहीत नाही. त्याच गडबडीत बिलांचं फोल्डर उघडेना, म्हणून मित्राच्या सांगण्यावरून त्याला ७७७ ही परवानगी दिली. शिवाय रोज दुपारी दीडच्या सुमारास सगळं संथ होतं. बॅकअप ‘आपोआप होतो’ असं दादा सांगून गेलाय. मालक मला एका शब्दाने बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून टर्मिनल उघडलं की हात थरथरतात. नेटवरून २०० कमांडची यादी उतरवून घेतली आहे. रोज दहा पाठ करतो, आठ विसरतो. यातल्या खरंच कुठल्या लागतात? आणि हे काम माझ्यासारख्याचं आहे का?

— नारायण पेठ, पुणे ३०

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, आहे. मशीन सुरू झालं म्हणून बाकीचे विसरून गेले आणि तू मात्र ‘का झालं’ हे मनात घेऊन बसलास. या कामाला तेच लागतं. बी.कॉम. झालायस याचाही उपयोग आहे, तो पुढे सांगते.

पाठांतर आजपासून बंद कर. यादी मात्र ठेव, आणि लाल पेन घेऊन बस. प्रत्येक कमांडपुढे एवढंच लिही की ती नुसती बघते की काही बदलते. तुझी भीती मला पत्रातूनच कळली: तुला सगळ्याच कमांडची सारखी धास्ती वाटते. ‘एलएस’ने फाइलींची नावं दिसतात, ‘आरएम’ने फाइल जाते. या दोन्हींपुढे हात सारखाच थरथरत असेल, तर तू नुसतं बघायलाही घाबरशील आणि वेळ आली की घाईघाईत एकदम काहीतरी बदलून बसशील. जूनमध्ये नेमकं तेच झालं. लाल खुणा करून झाल्या की तुझ्या लक्षात येईल, अडचणीच्या दिवशी लागणाऱ्या बहुतेक कमांड बघण्याच्याच आहेत. त्या कितीही वेळा चालव, काही बिघडत नाही. फक्त ‘>’ या चिन्हाला जप. बघण्याच्या कमांडपुढे ते चिन्ह आणि एखाद्या फाइलचं नाव आलं, की त्या फाइलमधला आधीचा मजकूर पुसून नवा लिहिला जातो. शेवटी भर घालायची असेल तर ते चिन्ह दोनदा लागतं.

कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. तू त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप कर. मोठं अक्षर लागेल तिथे सांगेन.

आता जूनचा तो दिवस आपण पुन्हा जगू, पण सावकाश.

डिस्क भरल्याची शंका आली की पहिली कमांड ‘डीएफ -एच’. डिस्कच्या कुठल्या भागात एकूण किती जागा, किती वापरली, किती टक्के, हे ती एका नजरेत दाखवते. त्या दिवशी तुला कुठेतरी १००% दिसलं असणार. मग ती जागा कोणी खाल्ली? त्यासाठी ‘सूडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ / | सॉर्ट -एच’. ‘सूडो’ म्हणजे पुढची कमांड पूर्ण अधिकाराने चालव, ‘डीयू’ प्रत्येक फोल्डरचं वजन काढते, ‘-एक्स’मुळे ती दुसऱ्या डिस्कवर भरकटत नाही, ‘-एच’मुळे आकडे माणसाला वाचता येतील असे येतात आणि ‘सॉर्ट’ सगळ्यात जड फोल्डर तळाला आणून ठेवते. तळाला ‘/व्हार’ दिसलं की कमांडमधल्या त्या एकट्या तिरक्या रेघेच्या जागी ‘/व्हार’ लिहायचं, मग ‘/व्हार/लॉग’, असं एकेक पायरी उतरत जायचं. ‘डीएफ’ आणि ‘डीयू’ या दोन्ही कमांड लिनक्सचा पूर्वज असलेल्या युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या आवृत्तीतही होत्या. पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक आहे, त्याच्यापुढे बसलास तरी जागा याच कमांडने बघशील. म्हणून म्हणते, शिकलेलं वाया जाईल ही चिंता या कामात नाही.

इथपर्यंत तू बरोबर आला होतास. मोठी फाइल सापडली, ‘आरएम’ने काढली, आणि जागा परत आली नाही.

पुणे नगर वाचन मंदिरासारखं एखादं ग्रंथालय डोळ्यांपुढे आण. एक वाचक पुस्तक उघडून टेबलाशी बसलाय आणि ग्रंथपालांनी रजिस्टरमधून त्या पुस्तकाची नोंद खोडली. आता यादीत शोधलंस तर पुस्तक नाही. टेबलावर मात्र ते आहेच, आणि वाचक मिटून उठेपर्यंत ती जागा अडलेलीच राहणार. ‘आरएम’ फक्त नोंद खोडते. एखाद्या चालू प्रोग्रामने फाइल उघडून धरलेली असेल, तर तो ती सोडत नाही तोवर लिनक्स त्या फाइलची जागा मोकळी करत नाही. तुझा बिलिंगचा प्रोग्राम त्या नाव गेलेल्या लॉगमध्ये शांतपणे लिहीत होता. तू मशीन बंद केलंस, प्रोग्राम मेला, हातातली फाइल सुटली आणि जागा आली. तुझं रीस्टार्ट चाललं त्यामागे हे साधं कारण होतं. नशिबाचा त्यात काही भाग नव्हता.

अशा फाइली बघायची कमांड ‘सूडो एलएसओएफ +एल१’, यातला एल मोठा. नाव पुसलेल्या पण अजून कोणीतरी धरून ठेवलेल्या फाइलींची यादी येते, शेजारी धरणाऱ्या प्रोग्रामचं नाव आणि क्रमांक. मग तेवढीच सेवा, म्हणजे मागे सतत चालणारा तो प्रोग्राम, ‘सूडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट’ आणि पुढे तिचं नाव लिहून पुन्हा सुरू करायची. काउंटरवरचं गिऱ्हाईक काही सेकंद थांबेल. अख्खं मशीन बंद करून चालू करण्यापेक्षा ते बरं. पुढच्या वेळी चालू प्रोग्रामची लॉग फाइल ‘आरएम’ करूच नकोस. ‘सूडो ट्रंकेट -एस ०’ आणि फाइलचं नाव लिहिलंस की फाइल जागेवरच रिकामी होते.

पण रिकामी करण्याआधी ती वाच. जूनच्या दिवसाबद्दल मला हळहळ याचीच वाटली. फाइल एवढी का फुगली, हे त्याच फाइलमध्ये लिहिलेलं होतं आणि तू साक्षीदारालाच घालवलंस. मोठी फाइल एडिटरमध्ये उघडू नये. ‘टेल -एन १००’ने शेवटच्या शंभर ओळी बघ, निवांत वाचायची तर ‘लेस’ वापर, बाहेर पडायला क्यू दाब. एखादा शब्द शोधायला ‘ग्रेप’, त्याच्या किती ओळी आहेत ते मोजायला ‘ग्रेप -सी’. एकच ओळ हजारो वेळा येतेय का, हे असं काढायचं:

‘टेल -एन १०००० फाइलचं-नाव | कट -डी' ' -एफ४- | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -आरएन | हेड’

शेवटच्या दहा हजार ओळी घेतल्या, प्रत्येकीचे पहिले तीन शब्द उडवले कारण बऱ्याच लॉगमध्ये ते तारीख-वेळेचे असतात, उरलेल्या ओळी क्रमाने लावल्या, सारख्या ओळी मोजल्या (‘युनिक’ टाइप करताना शेवटचं अक्षर क्यू, त्यापुढे काही नाही), मोठा आकडा वर आणला आणि पहिल्या दहा दाखवल्या. ‘प्रिंटर सापडत नाही’ असली एकच ओळ सात हजार वेळा दिसली, तर मूळ दुखणं डिस्कचं नसून प्रिंटरचं आहे. मधल्या त्या उभ्या रेघेला पाइप म्हणतात. १९७३ साली बेल लॅब्समध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनी ती युनिक्समध्ये आणली. एका कमांडचं उत्तर दुसरीच्या ओंजळीत. दोनशे कमांड पाठ करण्यापेक्षा पंधरा नीट कळलेल्या अशा जोडता आल्या, तर तुझं काम कुठे अडणार नाही.

तो लॉग पुन्हा फुगू नये म्हणून जुने लॉग बाजूला काढणारं ‘लॉगरोटेट’ असतं. ‘/ईटीसी/लॉगरोटेट.डी’ या फोल्डरमध्ये बघ. तुझ्या बिलिंगच्या लॉगचं नाव तिथल्या एकाही फाइलमध्ये नसणार, असा माझा अंदाज आहे. तिथे त्याची नोंद कर: रोज फिरवा, १४ ठेवा, जुन्या दाबून ठेवा, आणि प्रोग्राम फाइल धरून बसणारा असल्याने ‘कॉपीट्रंकेट’, म्हणजे प्रत काढून मूळ फाइल जागेवरच रिकामी करा. लिहून झाल्यावर ‘लॉगरोटेट -डी’ आणि पुढे त्या फाइलचं नाव लिहून चालव. ती काय झालं असतं ते सांगते, प्रत्यक्षात काही करत नाही. अशी नुसतं सांगणारी रंगीत तालीम ज्या कमांडला आहे, तिची तालीम कधी चुकवू नकोस.

डिस्कबद्दल आणखी दोन गोष्टी, कारण कधी ना कधी त्या तुला फसवतील. ‘डीएफ -एच’ जागा आहे म्हणते आणि तरी ‘जागा नाही’ अशी चूक येते, तेव्हा ‘डीएफ -आय’ बघ. ईएक्सटी४सारख्या फाइल सिस्टिमवर (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) किती फाइली मावतील याचीही संख्या ठरलेली असते. लाखो चिमुकल्या फाइलींनी ती संपते आणि जागा नुसती पडून राहते. दुसरं म्हणजे, ईएक्सटी४वर मुळात ५% जागा रूट या पूर्ण अधिकाराच्या खात्यासाठी राखीव असते. बाकीचे प्रोग्राम अडले तरी तुला आत शिरून सफाई करता यावी, म्हणून ती सोय.

आता ७७७. मित्राचा हेतू चांगला होता, पण हे काढावं लागेल. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १. बेरीज ७ म्हणजे सगळं. पहिला आकडा फाइल ज्या खात्याच्या नावावर आहे त्याचा, दुसरा गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्या जगाचा. म्हणजे आज त्या मशीनवरचा कुठलाही प्रोग्राम, कुठलाही पाहुणा खातेदार, तुमची बिलं बदलू किंवा पुसू शकतो. आधी बघ: ‘एलएस -एलडी’ आणि पुढे फोल्डरचं नाव लिहून ते कोणाच्या नावावर आणि कुठल्या गटाचं आहे ते कळेल, ‘आयडी’ आणि पुढे खात्याचं नाव लिहून ते खातं कुठल्या गटांत आहे ते कळेल. बहुतेक वेळा खरी अडचण एवढीच निघते, की बिलिंगचा प्रोग्राम ज्या खात्यावर चालतो ते त्या गटात नाही. गटात घालायला ‘सूडो यूझरमॉड -एजी’, यातला ए लहान आणि जी मोठा, मग गटाचं नाव, मग खात्याचं. तो लहान ए विसरलास तर ते खातं बाकीच्या सगळ्या गटांतून बाहेर फेकलं जातं. स्वतःच्या खात्यावर असं केलंस तर ‘सूडो’चा अधिकारही जातो. गटात घातल्यावर प्रोग्रामची सेवा पुन्हा सुरू कर, त्याशिवाय नवा गट त्याला कळत नाही. मग फोल्डरांना ७७०, आतल्या फाइलींना ६६०. हे दोन वेगळे आहेत म्हणून ‘फाइंड’ने वेगवेगळे गाठायचे: फोल्डरांसाठी ‘-टाइप डी’, फाइलींसाठी ‘-टाइप एफ’. पहिल्यांदा ‘फाइंड’ एवढीच चालवून येणारी यादी डोळ्यांखालून घाल, आणि ती बरोबर वाटली तरच पुढे (फाइलींसाठी; फोल्डरांसाठी ६६०च्या जागी ७७०) ‘-एक्झेक सीएचमॉड ६६० {} +’ जोड. दुकान बंद झाल्यावर कर, आणि केल्यावर एक बिल फाडून बघ.

दुपारी दीडला संथ होतं, हे तू सहज लिहून गेलास, पण मला पत्रातली ही सगळ्यात मोलाची ओळ वाटली. रोज ठरलेल्या वेळी होणारी गोष्ट कोणीतरी ठरवलेली असते. ‘टाइमडेटसीटीएल’ एवढंच लिही. टाइम झोनपुढे ‘यूटीसी’, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, दिसली तर माझा संशय खरा ठरेल. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. दादाने ‘सकाळी ८ वाजता, दुकान उघडायच्या आधी’ म्हणून काही लावलं असेल, तर ते आपल्या घड्याळात दुपारी दीडला चालणार. ठरलेल्या वेळी कामं चालवतो तो ‘क्रॉन’. त्यात काय लावलंय हे बघायला ‘सूडो क्रॉनटॅब -एल’, दादाच्या खात्यासाठी त्यातच ‘-यू’ आणि खात्याचं नाव, शिवाय ‘/ईटीसी/क्रॉनटॅब’ ही फाइल आणि ‘/ईटीसी/क्रॉन.डी’ हे फोल्डर. प्रत्येक ओळीत पहिले पाच रकाने वेळेचे: मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना, वार. ‘० ८ * * *’ अशी ओळ दिसली की चोर सापडला. तो बहुधा बॅकअपच असेल.

टाइम झोन बदलायचा मोह होईल, पण इतक्यात नको. बिलांवर वेळ कुठून येते हे कळल्याशिवाय घड्याळाला हात लावू नये. क्रॉनची ओळच बदल. आपल्या रात्री २ ला हवं असेल तर यूटीसीत आदल्या दिवशीचे २०:३०, म्हणून ‘३० २०’. आणि बदलण्याआधी ‘क्रॉनटॅब -एल > क्रॉन-जुनं.टीएक्सटी’ अशी प्रत काढून ठेव, कारण ‘क्रॉनटॅब -ई’ने बदल करता येतो आणि ‘क्रॉनटॅब -आर’ने सगळ्या ओळी एकदम जातात, एक प्रश्नही न विचारता. कीबोर्डवर ई आणि आर शेजारी-शेजारी आहेत.

बॅकअपबद्दल मला जरा थांबून लिहायचं आहे.

२००४ साली मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका कारखान्याचे सर्व्हर सांभाळत होते. यंत्रभागांची सगळी ड्रॉइंग एका डिस्कवर, आणि रोज रात्री २ ला ‘आरसिंक’ या कमांडने त्यांची नक्कल दुसऱ्या मशीनवर. ‘--डिलिट’ लावलेलं, म्हणजे मूळ जागी जे नाही ते नकलेतूनही काढायचं. एका रात्री वीज गेली आणि आली. मशीन उठलं, पण ड्रॉइंगची डिस्क उठली नाही, ती कायमची गेली होती. लिनक्समध्ये डिस्क एखाद्या फोल्डरवर जोडलेली असते. जोडली गेली नाही, तर ते फोल्डर तिथेच असतं, फक्त रिकामं. रात्री २ ला आरसिंक आलं, मूळ जागी काहीच नाही असं त्याला दिसलं, आणि त्याने नक्कलही तशीच करून ठेवली. रिकामी. सकाळी पावणेनऊला मी पोहोचले तेव्हा दोन्ही जागी काही नव्हतं. सीडीवरची सगळ्यात ताजी प्रत सात महिने जुनी होती. ड्राफ्ट्समन मंडळींनी कागदावरच्या प्रिंट पुढ्यात घेऊन ती ड्रॉइंग पुन्हा काढली, आठवडेच्या आठवडे. क्रॉनमधली ती ओळ मी लिहिली होती. त्यातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी रोज संध्याकाळी जाताना ‘आज एवढी झाली’ असं मला येऊन सांगितलं, रागाचा एक शब्द न काढता. तुझे मालक तुला काही बोलले नाहीत असं तू लिहिलंस, तेव्हा मला ते आठवले.

म्हणून ‘आपोआप होतो’ या शब्दांवर माझा विश्वास नाही. दादाची ओळ सापडली की बघ, त्यात ‘--डिलिट’ आहे का. असेल तर तिच्याआधी ‘माउंटपॉइंट -क्यू’ आणि फोल्डरचं नाव, मग ‘&&’, असं जोड. डिस्क खरोखर जोडलेली असेल तरच पुढची कमांड चालेल. आरसिंकला ‘--ड्राय-रन’ आहे, तेव्हा तालीम आलीच. मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ असेल तर आतला माल जातो, नसेल तर फोल्डरसकट जातो. एवढ्याशा रेघेने नक्कल भलत्या जागी पडलेली मी पाहिली आहे. बिलं डेटाबेसमध्ये असतील तर चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या कॉपी करून भागत नाही, त्या अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत उचलल्या जातात. मायएसक्यूएल असेल तर ‘मायएसक्यूएलडम्प’, पोस्टग्रेस असेल तर ‘पीजीडम्प’ने (पी-जीनंतर अंडरस्कोर) तारखेच्या नावाची फाइल काढ आणि तिची नक्कल कर. तारीखवार प्रती ठेवल्यास, की आज झालेली चूक कालच्या प्रतीला बाधत नाही.

आणि एक प्रत दुकानाच्या बाहेर, गावाच्या दुसऱ्या टोकाला किंवा भाड्याच्या सर्व्हरवर. तू नारायण पेठेत राहतोस. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी कुठवर आलं होतं, ते घरातल्या किंवा वाड्यातल्या जुन्या माणसांना विचार. त्या दिवशी पेठांमधली किती दप्तरं, किती चोपड्या गेल्या. एकाच इमारतीत ठेवलेल्या तीन प्रती पाण्याला आणि आगीला एकच असतात.

बाकीचं भरभर सांगते, कारण हे रोजच्या वापराने येईल. मशीन संथ झालं की ‘टॉप’. वर उजवीकडे लोडचे तीन आकडे असतात, गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. ‘एनप्रॉक’ने प्रोसेसरची संख्या बघ. लोड बराच वेळ तिच्या वर असेल तर कामं रांगेत आहेत. मेमरीसाठी ‘फ्री -एच’, पण ‘फ्री’चा रकाना बघून घाबरू नकोस. लिनक्स रिकामी मेमरी फाइलींसाठी वापरून घेतं. ‘अव्हेलेबल’चा रकाना खरा. अडकलेला प्रोग्राम थांबवायला नुसतं ‘किल’ आणि क्रमांक. ती विनंती असते, प्रोग्राम हातातलं आवरून जातो. ‘किल -९’ने त्याला आवरायला क्षणही मिळत नाही, म्हणून डेटाबेसवर ती अगदी नाइलाज झाल्याशिवाय नको. सेवा का पडली हे ‘जर्नलसीटीएल -यू’ आणि सेवेचं नाव सांगेल. ‘एसएस -टीएलएनपी’, सूडोसह, नेटवर्कच्या कुठल्या दारावर (पोर्टवर) कुठला प्रोग्राम ऐकतोय ते दाखवते. दुरून काम करताना जोडणी तुटली की चालू कमांडही मरते, म्हणून लांबलचक काम ‘टीमक्स’मध्ये सुरू कर. आणि एसएसएच, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरायची सोय, तिची मांडणी कधी बदललीस तर ‘सूडो एसएसएचडी -टी’ने ती तपासून घे, आणि नव्या खिडकीतून आत येता आल्याशिवाय जुनी खिडकी बंद करू नकोस.

दादा गेला, पण त्याची किल्ली अजून आत असेल. त्याच्यावर संशय घेऊन हे लिहीत नाही. माणूस गेला की किल्ल्या परत घ्यायच्या असतात, हे दुकानातही करतोच ना. ‘गेटएन्ट ग्रुप सूडो’ने कोणाला पूर्ण अधिकार आहेत ते बघ, आणि प्रत्येक खात्याच्या ‘.एसएसएच’ फोल्डरमधली ‘ऑथोराइज्ड कीज’ची फाइल वाच. मालकांना सांगून, दादाला फोन करून, मगच काढ. फोनवर असतानाच बॅकअपचं आणि बिलिंगचं त्याला जे आठवतं ते सगळं विचारून घे. त्याच्या खात्यातली ‘.बॅश हिस्ट्री’ ही फाइलही वाचण्यासारखी असेल. अडचणीच्या दिवशी त्याने काय केलं, ते तिथे ओळीने सापडेल.

आता तुझं बी.कॉम. एक जाड वही घे आणि सर्व्हरची रोजकीर्द सुरू कर. तारीख, वेळ, काय दिसलं, काय केलं, आधी काय होतं, नंतर काय झालं. बदलणारी एकही कमांड नोंदीशिवाय नाही. कमांड चालवण्याआधी नोंद करायची. दोन ओळी लिहायला जो अर्धा मिनिट जातो, त्यात आपण कुठल्या मशीनवर आहोत हे ‘होस्टनेम’ने आणि कुठल्या फोल्डरमध्ये आहोत हे ‘पीडब्ल्यूडी’ने बघून होतं. ‘आरएम’ची ओळ लिहिताना मध्ये एखादी नको ती रिकामी जागा पडली असेल, तर तीही दिसते. मी माझ्या वह्या अजून फेकलेल्या नाहीत. वहीत काय लिहायचं सुचलं नाही, तर ‘मॅन’ आणि कमांडचं नाव लिहून तिची माहिती वाच, तिरक्या रेघेने शब्द शोध, क्यूने बाहेर ये. नेटवरून उचललेल्या कमांडमधल्या प्रत्येक खुणेचा अर्थ तिथे सापडला तरच ती चालवायची. ७७७च्या दिवशी ही सवय असती, तर मित्राला तूच काहीतरी समजावलं असतंस.

हात थरथरतात त्याबद्दल. थरथरू देत. पुढचे पंधरा दिवस सकाळी दुकान उघडल्यावर फक्त चार कमांड चालव: ‘डीएफ -एच’, ‘फ्री -एच’, ‘अपटाइम’ आणि ‘सिस्टमसीटीएल --फेल्ड’. चारही नुसत्या बघणाऱ्या. आकडे वहीत उतरव. नेहमीचे आकडे कसे असतात हे नजरेत बसलं, की वेगळा आकडा तुला आपोआप खटकेल, आणि पुढची डिस्क भरायच्या चार दिवस आधी तुला कळलेलं असेल.

७७७ आणि क्रॉनच्या आधी एक काम कर. उद्या संध्याकाळी दुकान बंद झालं की मागच्या महिन्यातलं कुठलंही एक बिल निवड आणि ते बॅकअपमधून ‘/टीएमपी’खाली एका नव्या फोल्डरमध्ये काढून बघ, चालू बिलांच्या जवळपासही न जाता. उघडलं, आकडे जुळले, तर तारीख घालून वहीत लिही. नाही उघडलं, तर त्याच रात्री मला कळव, सदराच्या पाळीची वाट बघू नकोस. आपण दोघं मिळून ते लावून देऊ.

— तुझी ताई